लिंबोणीवर पालथी चाळण

सूफचे वाळवंट, वसंताच्या तोंडावर

तीर्थरूप बाबांस वर्दियाचा आदरपूर्वक सलाम.

मी सुखात आहे. धुळीने खोकला झाला होता, तो आता जवळजवळ गेला. आपण लग्नात दिलेले लिंबोणीचे रोप मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे बागेत मोकळ्या उन्हात लावले होते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, पुस्तकातल्या झाडांना वारा लागत नाही."

मंगळवारी वाळूचे वादळ उठले, ते तीन दिवस घोंगावत राहिले. ते शमल्यावर आम्ही सारे खजुरांच्या खोलगट बागेतली वाळू टोपल्यांनी उपसू लागलो. रोपाच्या जागी नुसता ढीग पाहून माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी तो हातांनी उकरला, तर आत कुसकुसचा रवा वाफवण्याची त्यांची मोठी चाळण पालथी घातलेली आणि तिच्याखाली रोप हिरवेगार!

"तरीच तीन दिवस नुसती भाकरी!" सासरे करवादले. "मला वाटलं, सूनबाईंनी चाळण फोडली."

"गप्प बसा. माहेर आहे ते पोरीचं."

आपल्या अंगणातली लिंबोणी यंदा फुलली का? आईचे गुडघे कसे आहेत?

शुक्रवारी चाळण पुन्हा चुलीवर चढली. कुसकुस खाताना प्रत्येकाच्या दाताखाली वाळू कचकचली. पण कुणीही अवाक्षर काढले नाही.

आपली लेक,
वर्दिया