तिसरी पट्टी

बाबा,

आपण परवा गिऱ्हाईकाच्या अंगणात बसवलेल्या प्लास्टिकच्या लॉनमध्ये पाच पट्ट्या आहेत. चार पट्ट्यांची पाती दाराकडे झुकतात आणि तिसरीची भिंतीकडे, म्हणून ती वेगळ्या रंगाची दिसते. माल चांगला आहे, दुकानदाराशी आता भांडू नका. मी तिथेच जाते आहे. पट्टी सोडवून दुसऱ्या बाजूने फिरवते आणि सांधे नव्याने चिकटवते. तिथल्या बाईंना चूक माझी झाली असं सांगितलं आहे. तुम्ही फोन करून खरेपणा दाखवायला जाऊ नका.

असली उलटी पट्टी तुम्ही एरवी फाटकातूनच ओळखता. ही तुम्ही गुडघे टेकून स्वतः बसवलीत, तरी दिसली नाही.

अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. आत्या न्यायला येईल. तिच्यापुढे तुमचं काही चालत नाही, म्हणून तिलाच बोलावलं. "मला काय धाड भरलीये?" हे तिला ऐकवून बघा.

ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. काल तुम्हाला कॅलेंडर वाचायला लावलं, ते गंमत म्हणून नव्हतं. मोठ्या तारखा तुम्ही डाव्या डोळ्याने तीन मीटरवरून वाचल्यात, उजव्याने सत्तर सेंटिमीटरवरून.