क्लच प्लेटचा नंबर सांगितल्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
माजी नौसैनिक निवास.

विषय : माझ्या यजमानांची ओळख फेरतपासून त्यांना निवासात जागा मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले गेल्या महिन्याच्या ९ तारखेचे नकारपत्र.

महोदय,

१. यजमानांनी तोंडी तपासणीत सेवाक्रमांक चुकीचा सांगितला, सबब ते नौदलात होते हे सिद्ध होत नाही, असे आपण कळवले आहे. सेवामुक्तीचा दाखला तेव्हा टेबलावर उघडा होता. त्यांनी सांगितलेला क्रमांक जुन्या टेम्पोच्या क्लच प्लेटचा आहे. जहाजाच्या इंजिन खोलीत पंधरा वर्षे काढून पुढे एकतीस वर्षे ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभे होते. ती प्लेट सर्वांत जास्त खपायची. डोक्यातले बाकी सगळे पुसले गेले आणि हा नंबर तेवढा राहिला, यात त्यांचा काय गुन्हा?

२. आपल्या कारकुनाने शेजारी चौकशी केली. गॅरेजवाले त्यांना लाडाने 'कॅप्टन' म्हणत, तेच शेजाऱ्यांनी सांगितले. त्यावर 'कॅप्टनच्या यादीत नाव नाही' असा शेरा पडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

३. ते आजही स्वयंपाकघरात पाय फाकवून उभे राहतात, जमीन हलेल म्हणून. माझा कप टेबलाच्या काठावरून आत सरकवतात. हे पाहायला कृपया माणूस पाठवावा.

४. खरे लिहिते. ते मला ओळखत नाहीत. रोज दुपारी बॅग भरून दाराशी बसतात आणि म्हणतात, "बाई, पाहुणचार छान केलात. पण माझी रजा संपली, जहाज सुटेल." दोनदा भर रहदारीतून पोलिसांनी त्यांना आणून सोडले. माझे वय चौऱ्याहत्तर. मी कडी लावली की "मला फरारी ठरवतील हो" म्हणून रडतात. पूर्वी त्यांची रजा संपली की रडायची पाळी माझी असे. त्यांचे रडणे मला सोसत नाही.

५. निवासात जागा मिळाल्यास त्यांना रुजू झाल्यासारखे वाटेल. नियमात बसत नसेल, तर निदान कार्यालयाच्या कागदावर गोल शिक्का मारून एवढे लिहून द्यावे : 'आपली रजा पुढील हुकुमापर्यंत वाढवली आहे. घरीच थांबावे.' सेवाक्रमांकाच्या जागी क्लच प्लेटचा नंबर घालावा. त्यांना तोच ओळखीचा आहे.

आपल्या शिक्क्याकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
अर्जदार, उमेदवाराची पत्नी
दिनांक : २३, चालू महिना

सोबत :
१. सेवामुक्तीच्या दाखल्याची प्रत
२. क्लच प्लेटच्या खोक्याचे झाकण (नंबर स्पष्ट वाचता येतो)