दोनशे पोटेन्सीचा हौद

रविवार, १२ एप्रिल १९९२. सकाळी ७.५०
(पाचला उठायचं ठरलं होतं. गजर झाला. बंद केला.)
डिप्लोमा आला. पोस्टाने, रजिस्टर्ड. चौदा महिन्यांचा होमिओपॅथीचा कोर्स मी अकरा महिन्यांत पुरा केला. शेवटचे चार धडे वाचायचे राहिलेत, पण ते परीक्षेला नव्हते. आजपासून नवं आयुष्य. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ५ मे रोजी, देवपुरातल्या गाळ्यावर पाटी लावायची. पाटी रंगवून तयार, पलंगाखाली आहे : डॉ. चुडामण लोटन बोरसे. नोकरी सोडायची. तेवीस वर्षं आवक-जावक कारकुनी केली, आता बास. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज परवाच लिहून ट्रेमध्ये ठेवला, मंजूर होऊन येईलच. हौदाची चिटणिशी मात्र सोडायची नाही. आमच्या बारा क्वार्टर्सना मिळून एक हौद, नळाला पाणी चार दिवसांनी, उन्हाळाभर झाकणाला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे. डॉक्टरच्या हातात किल्ली शोभते.
सौ.ला डिप्लोमा दाखवला. फ्रेम करायची का म्हणाली, आणि त्याच सुरात, पेन्शन किती बसेल म्हणाली.

मंगळवार, १४ एप्रिल
सुटी. शेजारचे वाल्मीक सर जयंतीच्या मिरवणुकीला निघता निघता चहाला डोकावले. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, त्यामुळे विचार जरा मर्यादित. त्यांना पेटी दाखवली. सत्तेचाळीस बाटल्या गोळ्यांच्या, एक लॅकेसिस २०० तेवढं द्रवरूप. कसं बनतं तेही समजावलं : सापाच्या विषाचा एक थेंब, नव्व्याण्णव थेंब स्पिरिट, दहा झटके. त्यातला एक थेंब घ्यायचा, पुन्हा नव्व्याण्णव, पुन्हा झटके. असं दोनशे वेळा. जितकं पातळ तितकं जहाल.
सर बशीत चहा ओतत म्हणाले, बोरसे भाऊ, बाराव्या वेळेच्या आसपासच विषाचा शेवटचा कण संपतो, पुढे एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा तुम्ही कशात काय मिसळता? भुसावळच्या पुलावरून तापीत एक थेंब टाकायचा आणि सुरतेला तांब्याभर पाणी पिऊन बरं वाटलं म्हणायचं, हे त्याहून पातळ झालं. मी शांतपणे सांगितलं, कण जातो, शक्ती राहते. सर म्हणाले, मग आपला दूधवाला फार मोठा वैद्य आहे.
सौ. हसली. तिला केमिस्ट्री कळत नाही, तरी हसली.

शुक्रवार, १७ एप्रिल
पहिला रुग्ण बरा! चार नंबरच्या बेबाबाई, गुडघा. चार दिवस गोळ्या दिल्या. आज हौदावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, भाऊना हातले गुन शे. छाती भरून आली. सौ. म्हणते, त्यांची सून माहेराहून परत आली, आता हंडे ती वाहते, म्हणून गुडघा थांबला.
सौ.चा स्वभाव संशयी होत चाललाय. संशयी स्वभावावर लॅकेसिसच. सरळ दिलं तर घेणार नाही. बाटली शर्टाच्या खिशात ठेवली आहे, संधी साधून चहात चार थेंब.

बुधवार, २२ एप्रिल. सकाळी ६.३०
लिहू नये. लिहितो.
पाणी आलं. सौ.चा चहा ओट्यावर होता, मी बाटलीचं बूच काढलं, तेवढ्यात हौद किती भरला म्हणून हाक आली. बाटली तशीच खिशात टाकून काठी घेऊन वाकलो. बाटली हौदात. एक बुडबुडा आला. कोणी पाहिलं नाही. कुलूप लावलं.

८.१५
शांतपणे विचार केला. दोन ड्राम, म्हणजे जेमतेम दीड चमचा औषध, दहा हजार लिटर पाणी. सरांच्या हिशेबाने काहीच नाही. पण मी सर नाही, मी डॉक्टर आहे. जितकं पातळ तितकं जहाल. आणि बाया बादल्या आपटतात ते झटके. मोजले. बेबाबाईंच्या एकट्या सुनेचे सदतीस.

९.००
सौ.ने माठ धुऊन भरला. मला तांब्या दिला. ऑफिसात पिईन म्हणालो.

शनिवार, २५ एप्रिल
निरोगी माणसाने लॅकेसिस घेतलं तर कोणती लक्षणं उमटतात, ते पुस्तकात पुन्हा वाचलं. अखंड बोलणं. संशय. गळ्याभोवती कपडा सहन न होणं.
बेबाबाई हौदावर पाऊण तास बोलल्या. सुनेवरून केळीच्या भावावर, तिथून टीव्हीवर. सौ. म्हणते, अकरा वर्षं झाली, त्या अशाच बोलतात. आठ नंबरचे भटूभाऊ नुसत्या बनियनवर फिरताहेत. सौ. म्हणते, त्रेचाळीस डिग्री आहे, काय कोट घालतील? मग म्हणाली, तुमचं काय चाललंय, सारखे लोकांच्या गळ्याकडे काय बघता?
संशय. तिला लागू झालं.
फार अपराधी वाटलं. तिला चार थेंब द्यायचे होते, हौदभर नव्हे. सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा ती भाकरी थापत होती.
मी ऑफिसच्या माठातलं पितो. आंघोळ दोन तांब्यांत, तोंड मिटून.

रविवार, २६ एप्रिल
नळ आला. अर्धा रिकामा झालेला हौद पुन्हा भरला, म्हणजे औषध आणखी पातळ, म्हणजे आणखी वर चढलं. हे थांबणारच नाही. जितक्या वेळा नगरपालिका पाणी सोडेल तितक्या वेळा चढणार.
घाबरायचं नाही. पुस्तकात उतारा दिलाय : कापूर. देव्हाऱ्यातला अख्खा पुडा हौदात रिकामा केला. दुपारी बाया म्हणाल्या, पाण्याला देवळाचा वास येतोय. बेबाबाईंनी तर हौदाला नमस्कार केला. सौ. आरतीला कापूर शोधत होती, मीही तिच्याबरोबर शोधला.

सायंकाळी
आत्ता लक्षात आलं. कापूरही पातळ होणार. हौदात आता दोन औषधं आहेत.

सोमवार, २७ एप्रिल
वाल्मीक सरांकडे गेलो. सहज म्हणून विचारलं, समजा एखाद्या गावात एखाद्या माणसाच्या हातून एखादं औषध एखाद्या विहिरीत पडलं, तर? सर म्हणाले, दोनशेचं असेल तर काही होणार नाही. कोणाला नाही, कधीच नाही. इतकं हायसं वाटलं की त्यांच्याकडे दोन बशा पोहे खाल्ले. (पाणी प्यालो नाही.)
परत येताना अंगणातच पाय अडले. सरांचं खरं मानलं तर हौद वाचतो आणि पाटी जाते. पाटी खरी मानली तर हौद विषारी. उपसायला सांगावं, तर या उन्हात दहा हजार लिटर पाणी ओतायला लावणाऱ्याला क्वार्टर्सवाले जिवंत सोडणार नाहीत. कोणाला काही झालं तर मी गुन्हेगार. काही झालं नाही तर मी कोण, ते लिहिणार नाही.
उद्यापासून पहाटे फिरायला जायचं. तब्येत नीट तर डोकं नीट.

गुरुवार, ३० एप्रिल
(फिरायला गेलो नाही. तहान लागते.)
लताचं पत्र आलं, वरणगावहून. जावई तिथे फॅक्टरीत आहेत. आखाजीला माहेरी येतेय, सोमवारी दुपारी पोचेल. सातवा महिना आहे. सौ. पत्र हातात घेऊनच सांजोऱ्यांचा रवा चाळायला बसली.
पुस्तक उघडलं. गरोदर स्त्रीस लॅकेसिस फार जपून द्यावे. पान मिटलं, परत उघडलं, तेच होतं.
लगेच कार्ड टाकलं : चि. लतास आशीर्वाद. ऊन फार आहे. येऊ नकोस. पहिल्यांदा माहेरपणाला येणाऱ्या लेकीला असं लिहिताना हात जड झाला. ऑफिसचं पेन असल्यामुळे असेल.

शनिवार, २ मे
सौ.ला माझ्या टेबलावर कार्डाचा कच्चा मसुदा सापडला. चौकातल्या एसटीडीवर जाऊन तिने वरणगावला जावयांच्या शेजारी फोन लावला. म्हणाली म्हणे, तिच्या नानांचं डोकं उन्हाने फिरलंय, तिला सांगा, कार्ड आलं तर फाडून टाक आणि ये. आता माझ्याशी बोलत नाही. लॅकेसिसमध्ये हे लक्षण नाही.
मला मात्र कॉलर सहन होत नाही. झोप नाही. सगळ्यांचा संशय येतो. मी तर थेंबही प्यालेलो नाही. वाफेने असावं.

सोमवार, ४ मे
झालं ते जसंच्या तसं लिहितो.
चारला रिक्षा आली. लता उतरली, घामाने डबडबलेली, एक हात कमरेवर. सौ.ने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि प्यायला तांब्या दिला. लताने तोंडाला लावला. मी धावत जाऊन हिसकावला. अर्धं पाणी तिच्या साडीवर सांडलं. सौ. ओरडली. बाराही दारं उघडली.
मग सगळं सांगितलं. बाटली, सापाचं विष, दोनशे, कापूर. सौ.च्या चहाचंसुद्धा.
पहिल्या बेबाबाई बोलल्या : सापनं इख? बारा दिन व्हयनात, बठ्ठा पी राह्यनात. कोन मरनं? लोक हसले. भटूभाऊ सगळ्यात जास्त. पण बेबाबाई हसल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, मंग भाऊ, मन्हा गुडघाले काय दिधं व्हतं?
अकरा महिन्यांत शिकलेलं एकही वाक्य आठवलं नाही.
वाल्मीक सर दारात उभे होते. मला वाटलं, आता हे बोलणार. माझ्या हातातला तांब्या घेतला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या परत दिला. लता म्हणाली, नाना, मला तहान लागलीय. सौ.ने माठातून दुसरा तांब्या भरून आणला. लता माझ्याकडे बघत सगळा प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. मला रडू आलं, बारा दारांसमोर. मग मीही पाणी मागितलं. घरच्या माठाचं होतं, गार होतं.

मंगळवार, ५ मे. आखाजी
सांजोऱ्या, आमरस. पाटी पलंगाखालीच.
हौदाची किल्ली बेबाबाईंकडे गेली. ठराव एकमताने झाला, माझं मत धरून. भटूभाऊंनी हौदात उतरून बाटली काढून दिली. सौ.ने ती उकळत्या पाण्यात धुतली आणि शिलाईच्या सुया ठेवायला घेतली. चहाच्या चार थेंबांबद्दल अजून बोललेली नाही. आज माझा चहा मात्र तिने माझ्यासमोर उभं राहून गाळला, मला दिसेल असा.

बुधवार, ६ मे. सायंकाळी
ठरवून सकाळी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, निवृत्तीचा अर्ज मागे घेतो म्हणालो. साहेब म्हणाले, कोणता अर्ज? आवक रजिस्टर बघा. बघितलं. नोंद नव्हती. आवक-जावक मीच बघतो. अर्ज माझ्याच ट्रेमध्ये तळाशी होता, गेले सव्वीस दिवस, नोंद करायची राहिलेल्या बाकीच्या कागदांखाली. फाडला. त्याचीही नोंद केली नाही.
घरी आलो तर लता पलंगावर पाय लांब करून बसलेली, मांडीवर माझी पेटी. गोडाचे डोहाळे लागलेत. तीन बाटल्या संपवल्या होत्या, लेबलंसुद्धा न वाचता. पुस्तक कपाटात समोरच होतं. मी कपाटाकडे गेलो नाही. तिच्याजवळ बसलो आणि चौथी बाटली उघडून दिली.
तिने हातावर गोळ्या घेत विचारलं, नाना, ही कशाची?
साखरेची, म्हणालो.