हे उपकरण विश्वासार्ह नाही

३ नोव्हेंबर
आजपासून इंटरनेटवरच्या फोरमवर वाद घालणं बंद. बायको म्हणाली, लिहून ठेव म्हणजे निदान लाजेखातर तरी पाळशील. लिहिलं. सकाळी व्यायाम, वेळेवर ऑफिस. फोरम फक्त वाचायचा, तोही जेवताना.

३ नोव्हेंबर, जेवताना
अपवाद करावा लागला. सरकारने पेन्शनरांसाठी ॲप काढलंय. हयातीचा दाखला आता फक्त त्यावरच. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं! बनवणाऱ्या कंपनीने कोड कुणाला दाखवलेला नाही. अशा वेळी गप्प कसं बसायचं? फोरमवर 'शून्यभागाकार' नावाचा एक दीडशहाणा आहे. म्हणतो, ॲप उत्तम आहे, माझ्या आजीचं चुटकीसरशी झालं. झालं असेल बाबा तुझ्या आजीचं. त्याला लांबलचक उत्तर दिलं. शेवटचं.

५ नोव्हेंबर
बाबांचा फोन. आई गेल्यापासून ते जिथे कारखान्यात नोकरी केली त्या गावी एकटेच राहतात. म्हणाले, ॲप उघडत नाही, 'हे उपकरण विश्वासार्ह नाही' असं लाल अक्षरांत येतं. मी हसलोच. म्हटलं, बाबा, अख्ख्या गल्लीत तुमच्याइतका विश्वासार्ह फोन कुणाकडे नाही. गेल्या खेपेला मी स्वतः त्यावरची कंपनीची सिस्टीम पुसून मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सिस्टीम टाकून दिलीय. आता बाबांची हेरगिरी कोणी करू शकत नाही. ताई पाठवते ते नातीचे फोटोही तेव्हापासून येत नाहीत, पण तत्त्व म्हटलं की थोडी झळ सोसावी लागते.
बाबा म्हणाले, ते खरं रे, पण महिनाअखेर झालं नाही तर पेन्शन थांबेल, आणि माझी औषधं त्यावरच चालतात. म्हटलं, शनिवारी येतोच. शिवाय मी याच विषयावर लढतोय, काळजी सोडा.

८ नोव्हेंबर, शनिवार
गेलो नाही. बॅग भरली होती, बायकोने डबाही दिला होता. बूट घालता घालता पाहिलं तर शून्यभागाकाराने माझ्या मुद्द्यांची चक्क टर उडवलेली. तेव्हाच उत्तर दिलं नसतं तर मी पळालो असं झालं असतं. डबा तिथेच, बूट न काढता खाल्ला. बायको एक अक्षर बोलली नाही. तिला पटलं असावं.

१० नोव्हेंबर
फोरमवर लेख टाकला: 'यंत्र एका म्हाताऱ्याला मेलेला ठरवतं तेव्हा'. म्हातारा म्हणजे बाबाच, पण तसं म्हटलं नाही. उभा जन्म लेथवर गेलेला. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे ठसाही उमटत नाही. मदतीला जवळ कुणी नाही. हे वाक्य लिहिताना मला भरून आलं.
लेख तुफान चालला. एका बाईंनी लिहिलं, त्या आजोबांना तुमच्यासारखा मुलगा असता तर! मी 'धन्यवाद' म्हटलं.
मध्ये बाबांचा फोन येऊन गेला. प्रतिक्रिया वाचण्यात घ्यायचा राहून गेला.

१३ नोव्हेंबर
शून्यभागाकार विचारतो, म्हाताऱ्याच्या फोनवर सिस्टीम कुठली आहे? म्हणे मूळ सिस्टीम काढून टाकली असेल तर ॲप असंच अडतं. काय संबंध? ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच उलटतपासणी! ब्लॉक केलं. थोड्या वेळाने काढलं, कारण माझ्या पाठीमागे तो काय बरळतो ते कळायला नको?
मॅनेजरने विचारलं, बिलिंगचं काम कुठवर आलं. म्हटलं, सध्या मी धोरणाच्या पातळीवर गुंतलोय. तो म्हणाला, कुणाच्या?

१५ नोव्हेंबर, शनिवार
गेलो नाही. सरकारने ॲपच्या नियमांवर लेखी हरकती मागवल्यात. आता घाव मुळावरच घालायचा. एकट्या बाबांचं काम करून काय होणार, सगळ्या म्हाताऱ्यांचं व्हायला हवं. बाबांना फोनवर हे नीट समजावलं. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, तेवढं माझं आधी केलं असतंस तर. या पिढीला बिग पिक्चर म्हणून दिसत नाही.

१९ नोव्हेंबर
माझ्या लेखाखाली थेट ॲपच्या कार्यालयाकडून उत्तर! आजोबांचा नंबर कळवा, आमचा माणूस घरी येऊन काम करून देईल. वा रे वा. नंबर काढून घ्यायचा डाव. मी विचारलं, कुठल्या कायद्याखाली मागता? पुन्हा उत्तर नाही. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.
बायको आज बोलली. म्हणाली, त्यांच्या फोनवर जुनी सिस्टीम परत टाकून ये, तासाभराचं काम आहे, तुलाही माहितीय. मला माहितीय. पण मग माझ्या लेखाचं काय? शून्यभागाकार नाचेल. ती म्हणाली, नाचू दे की. तिला फोरम कळत नाही.
ताईचाही परदेशातून मेसेज: बाबांकडे गेलास का? सगळ्यांनी मिळून मलाच धरलंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
हरकत लिहून तयार. चौदा पानं, तळटिपांसकट. पाठवायला गेलो तर सरकारी साइट फक्त त्या बड्या कंपनीच्या ब्राउझरमध्येच उघडते. तो मी मशीनवर घेत नाही. या सक्तीविरुद्ध फोरमवर नवा धागा काढला. दिवस त्यातच गेला. हरकतीची मुदतही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गेलो! पहिल्या बसने. वाटेत ठरवलं, जुनी सिस्टीम टाकायची, फोरमवर बोलायचं नाही. मोठं मन लागतं त्याला.
बाबांनी दार उघडलं, चहा टाकला. मी केबल काढली तर म्हणाले, राहू दे, मंगळवारीच झालं. शेजारच्या बाईंच्या फोनवर. डोळे मिचकावले आणि झालं. त्यांनी मला मिचकावून दाखवलंसुद्धा.
मग जरा घुटमळत म्हणाले, ॲप एका जवळच्या व्यक्तीचं नाव मागतं. पुढे माणूस आहे की गेला ते विचारायला. शेजारच्या बाईंचं टाकलं. तू कामात असतोस, तुला कशाला त्रास.
मी म्हटलं, बरं केलंत. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. निघताना त्यांनी मी सिस्टीम टाकलेला तो फोन पिशवीत घालून हातात दिला. म्हणाले, हा तुलाच राहू दे. ताईने दुसरा पाठवलाय, कालच पोचला, त्यावर नातीचे फोटो येतात.

३० नोव्हेंबर
फोरमवर नवी तक्रार टाकली. 'जवळची व्यक्ती' या रकान्यात एकच नाव मावतं. डिझाइनची ढोबळ चूक! किमान दोन नावांची सोय हवी. असती तर दुसरं नाव बाबांनी माझंच टाकलं असतं.
खात्री करायला बाबांना फोन केला. ते म्हणाले, दुसरं ताईचं टाकलं असतं रे.
तक्रार दुरुस्त केली. किमान तीन.