वृषालीसाठी लाँग कॉपी

४ मे, सोमवार
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली वृषाली अजून धुळ्यातच. आंबे गोड लागत असतील. निघताना म्हणाली, तुम्ही माझ्याशी बोलत नाही, कूलर विकल्यासारखं समजावता. राग नाही. एका अर्थी हे माझ्या कामाचं कौतुकच. कूलर, ठिबकच्या नळ्या, केळीचे वेफर्स, या सगळ्यांची लांबलचक सेल्स कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, जळगावात माझ्यासारखी कोण लिहितो? लोक शेवटपर्यंत वाचतात आणि खरेदीचं बटण दाबतात.

बेबाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "भाऊ, वहिनीले लेवाले जा ना. बठ्ठं घर भकास लागस."

रीत मलाही ठाऊक आहे. आखाजी झाली की नवऱ्याने आणायला जायचं. पण ऊन केवढं! शिवाय आमचा प्रॉब्लेम कम्युनिकेशनचा आहे, एसटीचा नाही.

संकल्प: तिला सविस्तर लिहायचं. आजच.

६ मे, बुधवार
व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

चूक सापडली. सगळा मजकूर सलग, एकच परिच्छेद. एवढी भिंत पाहून कोणीही पळेल. क्लायंटना हेच ओरडून सांगतो आणि स्वतःच्या बायकोच्या बाबतीत विसरलो. आता छोटे परिच्छेद, मध्ये मध्ये उपशीर्षकं, मुद्द्याचं ठळक अक्षरात. तिच्यासाठी वेगळं वेबपेजच करतो. कुठून उघडलं, किती खाली वाचलं, सगळं कळतं.

९ मे, शनिवार
पेज तयार. मथळा: 'सुखी संसाराकडे परतण्याची सात कारणं'. पहिलं उपशीर्षक: 'तुम्हालाही माहेरी कंटाळा येतो का?' बायकोला 'तुम्ही' म्हणताना कसंतरी झालं, पण टेम्प्लेटमध्ये तसंच आहे.

अभिप्राय हवेत, त्याशिवाय विश्वास बसत नाही. शेजारच्या मोतीलालशेठना विचारलं. म्हणाले, हल्ली तुमच्याकडून आवाजच येत नाही, घरात कोणी आहे की नाही तेही समजत नाही. थोडं एडिट करून घेतलं: 'अत्यंत शांत गृहस्थ.' बेबाबाईचा अभिप्राय तेवढा वापरता आला नाही.

तळाशी मोठं केशरी बटण: 'होय, मी परत येते!'

लिंक पाठवली.

११ मे, सोमवार
सकाळ. आकडे जबरदस्त! पेज पुष्कळदा उघडलंय आणि दरवेळी शेवटपर्यंत वाचलंय. धुळ्याहून मात्र एकदाही नाही, सगळं जळगावातूनच. म्हणजे वृषाली जळगावात आली! मैत्रिणीकडे उतरली असणार, अंदाज घेत असणार. घर झाडून काढलं, चादर बदलली. दोन कप चहा ठेवला.

संध्याकाळ. तो वाचक मीच. फोनवर कसं दिसतं ते सारखं उघडून बघत होतो. दुसरा कपही मीच प्यायलो. घरात फार एकटं वाटतं. खिडकी उघडली तर झळा, लावली तर नुसता पंख्याचा आवाज. हे कॉपीत घालावं का? नको. निगेटिव्ह वाटेल.

१३ मे, बुधवार
दुपारी नवा वाचक. धुळ्याजवळचं नरडाणा! थेट शेवटपर्यंत, मग परत वर, परत शेवटपर्यंत. असा वाचक माझ्या आयुष्यात झाला नाही. बटण दाबलं नाही, पण कशाला दाबेल? नरडाण्याला रेल्वे स्टेशन आहे. गाडीत बसलीसुद्धा असेल!

इस्त्रीचा शर्ट घालून जळगाव स्टेशनवर उभा राहिलो. सुरतेकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या बघितल्या. माणसं पुष्कळ उतरली. एक बाई मागून अगदी वृषालीसारखी दिसली, तिच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. ती भलतीच कोणी निघाली.

गाडी चुकली असेल. उद्या येईल.

१४ मे, गुरुवार
आली नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला पुन्हा नरडाणा, पुन्हा शेवटपर्यंत. दोन दिवस नरडाण्याच्या स्टेशनवर कोणी बसून राहतं का? उपशीर्षकं कमी पडली असतील. आणखी दोन घातली, बटण हिरवं केलं.

१५ मे, शुक्रवार
शेवटी तिच्या भावाला, प्रेमराजला, फोन लावला. म्हणाला, दाजी, तुम्हाला माहीत नाही? ताई सोमवारपासून नरडाण्याच्या एमआयडीसीत एका ऑफिसात कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीत तुमचं ते पेज वाचते.

मी विचारलं, तिला कसं वाटलं? लांबलं का?

म्हणाला, लांबलं नाही, बठ्ठं वाचलं. आखाजी झाल्यापासून ताई बॅग भरूनच बसली होती. दारात रिक्षा थांबली की आधी तीच उठायची. तुमच्या त्या पेजमध्ये, तुम्ही घ्यायला कधी येणार ते कुठे लिहिलंय, हेच शोधत होती.

मी घाईघाईने म्हणालो, उद्याच येतो. तो म्हणाला, आता नका येऊ दाजी. काल तिने बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले.

फोन ठेवल्यावर पेज उघडून वरून खालपर्यंत वाचलं. खरंच कुठेच नाही.