धाकटीचं तिकीट

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

आज दोन वस्तू आल्या. तुला पाठवलेला स्वेटर परत आला, टपालाचे नऊशे वाया गेले. वर शेरा आहे, 'या पत्त्यावर विद्यापीठ नाही.' दुसरं, धाकटीचं विमानाचं तिकीट, अगदी फुकट. गरीब देशांतल्या नर्सना मास्टर्ससाठी पूर्ण शिष्यवृत्ती, तुझ्यासारखीच. फी, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे. पण तिने अर्जच केला नव्हता! शिष्यवृत्तीवाले साहेब म्हणाले, "थोरलीनेच नाव सुचवलं, काकू. पासपोर्ट तेवढा आमच्याकडे द्या."

रविवारी फोन ठेवताना मी नेहमीसारखं म्हटलं, "दिवे बंद कर गं." एरवी तू म्हणतेस, "कंजूषबाई, आधी तुझे बंद कर!" या वेळी नुसतं "हो, करते" म्हणालीस, आणि तुझ्यामागे कुणी पुरुष खाकरला.

धाकटी गाणी म्हणत बॅग भरते आहे. मी देवासमोर बसले आहे, तिचा पासपोर्ट मांडीखाली घेऊन. साहेब उद्या तिला न्यायला येतील.

तिला पाठवू की नको, एवढं उलट टपाली कळव. आणि या पाकिटावर पत्ता कुठला घालू, तेही कळव.

तुझी आई