आईचा उजवा डोळा आणि दौलतभाऊंचं मागचं चाक

मानपाडा, डोंबिवली (पूर्व),
रविवार.

तीर्थस्वरूप तानाजीमामांना कृतिकाचा नमस्कार. (साष्टांग घालणार होते. राग आल्यामुळे आज नुसताच घालते आहे. पण थोरांना नमस्कार केल्याशिवाय पत्राला हात घालायचा नाही, हे मी शाळेत जायच्या आधी तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलंत, त्यामुळे वगळताही येत नाही.) तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि खडवलीच्या घराची गळकी गच्ची, सगळं ठीक असावं. आईचा उजवा डोळा उत्तम आहे. डॉक्टर खूश आहेत, आई त्यांच्याहून खूश आहे. मी नाही.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही "हां, ऐक" म्हणता आणि मग मी ऐकतच बसते. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर मी लिहून संपायच्या आत तुमचे जोडलेले हात येतात. कागदाला मध्येच तोडता येत नाही. (फाडता येतो, पण तुम्ही कागद फाडणाऱ्यांतले नाही, हे रागातही मान्य करायला हवं.) तुम्हाला यातलं बरंच ठाऊक आहे, तरी माझा राग जागच्या जागी लागावा म्हणून पहिल्यापासून सांगते.

आईच्या मोतीबिंदूचं हॉस्पिटल घोडबंदर रोडला. रिक्षात धूळ आणि धक्के, दोन्ही डॉक्टरांनी बंद केलेले. कॅबवाल्यांना घोडबंदर रोड म्हटलं की त्यांचा फोन खराब होतो. अशा वेळी पहिल्या मजल्यावरचे दौलतभाऊ (ज्यांच्या वडिलोपार्जित शेतावर आमची ही बिल्डिंग उभी आहे, ते) आपण होऊन वर आले आणि नव्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवून मित्रांबरोबर देवदर्शनाला निघून गेले. ऑपरेशन, मग तपासण्या, सगळं होईपर्यंत गाडी ठेव म्हणाले. ज्या गाडीची चाकं ते रोज सकाळी देवाच्या आधी पुसतात, ती गाडी. आणि मामा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. या पत्रातलं पुढचं सगळं वाचताना हा डावा डोळा कृपा करून लक्षात ठेवावा, कारण तो तुम्ही विसरलात आणि मी एक क्षणही विसरू शकलेले नाही.

पट्टी निघाली आणि आई काळा चष्मा लावून पार्किंगमध्ये उतरली. वर्षानुवर्षं जिला भाजीतला केस दिसत नव्हता, तिला दौलतभाऊंच्या चाकांवरची काळी पूड दिसली. ती पूड ब्रेकची असते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच जास्त दाबावा लागतो, त्यात माझा दोष नाही. (थोडा असेल. मी जरा लवकर ब्रेक दाबते. पुढची गाडी दिसली की दाबते.) आई म्हणाली, परक्याची वस्तू अशी परत द्यायची? आपल्याकडे शेजारची वाटी आणली तर घासून, वर चमचाभर साखर घालून परत जाते. हा नियमही तुमचाच. चाकांत साखर घालता येत नाही, तेव्हा निदान घासू तरी, असं ठरलं आणि तिने तुम्हाला फोन लावला. इथे सगळं बिघडलं.

मी ऑफिसला असताना तुमचा संदेशदादा येऊन तुमची पिशवी देऊन गेला. त्यात मेथी, त्याखाली शेवग्याच्या शेंगा आणि त्याखाली, लिंबू सरबताच्या बाटलीत, लिंबू सरबताच्या लेबलसकट, तुमच्या फॅक्टरीत पत्रे धुवायचं ॲसिड. संदेशदादाला बिचाऱ्याला विचारलं, त्याला माहीतच नव्हतं, तो ते मांडीवर घेऊन आला होता. आईने भावाने पाठवलेलं सरबत म्हणून ते फ्रिजच्या दारात उभं केलं. संध्याकाळी दौलतभाऊंच्या आवडाबाई डोळा पाहायला आल्या. आई म्हणाली, "अगं, चहा नको टाकूस, आमच्या दादानं सरबत धाडलंय, ते दे." मी ग्लासात पाणी घेतलं, साखर घातली, मीठ घातलं आणि बाटलीचं झाकण उघडलं. पुढे जे झालं ते नाकाला झालं आणि डोळ्यांना झालं, आणि घशाला झालं नाही, ते केवळ मला प्रत्येक गोष्ट हुंगून बघायची वाईट सवय आहे म्हणून. त्या सवयीवरून तुम्ही मला लहानपणी मांजर म्हणायचात. मामा, गाडी ज्यांची, त्यांच्या बायकोला मी ॲसिड पाजणार होते. साखर घालून. आणि ज्या घरात डोळ्याला वाफ लागू द्यायची नाही म्हणून मी कुकरसुद्धा खिडकी उघडून लावते, त्या घराच्या फ्रिजमध्ये ते दिवसभर आईच्या औषधाच्या थेंबांशेजारी उभं होतं.

तुम्हाला फोन केला, तर तुम्ही हसलात. "वास लागला ना? मग अस्सल आहे," म्हणालात. मी लेबलचं विचारलं, तर म्हणालात, लेबल वाचून का कुणी चाकं धुतं. आवडाबाईंना मी चहा दिला. त्या म्हणाल्या, कप का हुंगतंस गो. मी म्हटलं, साखर बघते.

आता तुम्ही विचाराल (फोनवर विचारलंतच), एवढं होतं तर वापरलंस कशाला. मामा, हा प्रश्न तुम्ही विचारावा याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. दादा सांगतो म्हणजे बरोबरच असणार, असं आई सकाळ-संध्याकाळ म्हणत होती. तुम्ही दर तासाला फोन करून "झालं का?" विचारत होतात. ज्या माणसाने मला बाराखडी शिकवली, तो रसायनात चुकेल, असं मानायची आमच्या घरात पद्धत नाही. तरी मी माझ्या परीने सांभाळलं. रबरी हातमोजे घातले, पोहण्याचा चष्मा लावला, रेनकोट घातला. वॉचमन कमलेश म्हणाला, "मॅडम, चाक धुताय की मधमाश्या उठवताय?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एकच चाक घेतलं, तेही मागचं, भिंतीकडचं. पण बाकी सगळं तुमच्या शब्दाप्रमाणे केलं. पाणी घालू नकोस, जोर जातो, म्हणालात. घातलं नाही. गाडी येताक्षणी कर, कढई गरम असतानाच मळ सुटतो, म्हणालात. घोडबंदरहून आले तीच कामाला लागले, चाक हाताला सोसवत नव्हतं. लावून सोड आणि चहा पिऊन ये, म्हणालात. गेले. मला चहा गेला नाही, पण गेले.

परत आले तेव्हा ॲसिड चाकावर सुकलं होतं. खालच्या फरशीवर जिथे जिथे ठिबकलं तिथे फेस येत होता आणि कमलेश लांबून बादलीने पाणी मारत होता. मळ निघाला होता, खोटं बोलणार नाही. मळाबरोबर चाकाची चकाकी निघाली होती. कडेपासून मध्यापर्यंत पांढुरके ओघळ, जसे उतू गेलेल्या दुधाचे शेगडीवर असतात तसे. मी पाणी मारलं, शाम्पू लावला, पुन्हा पाणी मारलं. सकाळी आत बघितलं, तर ब्रेकच्या तबकडीवर तांबूस गंज. तुम्ही म्हणालात, चाकच नकली असणार. मामा, ती अलॉयची चाकं आहेत, तुमच्या फॅक्टरीतले लोखंडी पत्रे नाहीत, आणि कढई तर नाहीतच.

त्यानंतर मी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात जाऊन अलॉयच्या क्लीनरची बाटली मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. दुकानदार म्हणाला, "ताई, घ्यायची आहे की अभ्यास आहे?" अभ्यासच होता. तुम्ही लेबल वाचत नाही, म्हणून इथे उतरवते. चाक पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही, उन्हातही करायचं नाही. आधी साध्या पाण्याने चाक भिजवून घ्यायचं. लेबलवर लिहिलंय तेवढंच पाणी मिसळायचं, आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. एका वेळी एकच चाक, आणि ते सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं, चहा नंतर. ज्या चाकाचा वरचा थर टवका उडून उघडा पडलाय, त्याला ॲसिड लावायचंच नाही. ब्लीचजवळ न्यायचं नाही, डोळे झाकायचे, हात झाकायचे, आणि (हे तर ठळक अक्षरांत होतं) दुसऱ्या कुठल्याही बाटलीत ओतून ठेवायचं नाही. शेवटी एक ओळ बारीक होती. रोजच्या धुळीला शाम्पूचं पाणी पुरतं. म्हणजे मुळात काही लागतच नव्हतं.

आणि या सगळ्यावर आईचं म्हणणं काय, तर चाक कसं पांढरंशुभ्र निघालं. ऑपरेशननंतर तिला सगळंच उजळ दिसतं, त्यात हेही. येणाऱ्याजाणाऱ्याला पार्किंगमध्ये नेऊन दाखवते, "आमच्या दादाचं औषध." उरलेली तीन चाकं काळी आहेत, पण धडधाकट आहेत, आणि ती करून टाक म्हणून ती माझ्या मागे लागली आहे. मी त्यांच्या आणि तिच्या मध्ये उभी आहे.

रागात काही जास्त लिहिलं गेलं असेल तर क्षमा मागणार नाही, कारण दोनदा वाचून पाहिलं, जास्त काही नाही. मामींना मात्र नमस्कार, तोही साष्टांग.

तुमचीच (याला इलाज नाही),
कृतिका

ता. क. उरलेली बाटली बाल्कनीत, बादलीत, झाकण घट्ट लावून ठेवली आहे. सरबताचं लेबल खरवडून वर लिहिलंय: "ॲसिड. पिऊ नये. वापरू नये. मामांचे." मोरीत ओतायचं धाडस मला होत नाही. तुम्ही स्वतः येऊन न्यावी, आणि भाजीच्या पिशवीतून नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालता घालता दौलतभाऊ परत आले, म्हणून पुन्हा उघडलं. त्यांना दिसायच्या आत मीच किल्ली घेऊन खाली गेले आणि सगळं सांगितलं. सरबताचंही सांगितलं (अर्धं सांगितलेलं मला पचत नाही). भाऊ चाकापाशी उकिडवे बसले, बराच वेळ बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "तीन चाकं माजी हायत. ह्यो चवथा कोनाचा गो?" मला रडू आलं. आवडाबाई म्हणाल्या, "चाकाचा काय घेऊन बसलाव, मना पाजीत व्हती ती," आणि हसायला लागल्या. मग भाऊही हसले. पुरतं नाही, पण हसले. मी भीत भीत डाव्या डोळ्याचं काढलं. ते म्हणाले, "गारी ने गो पोरी. कवाबी ने. पन धवू नको. चिखलान भरली तरी तशीच आन."

ता. क. ३. म्हणजे डावा डोळा व्हायचा असेल, तर गाडी मळकी परत करायची आहे. ही अट आईला सांगितली, तर ती म्हणाली, मग ऑपरेशनच नको, पण परक्याची वस्तू घाण परत जाणार नाही. आणि दोन्ही डोळ्यांनी तर तिला टायरच्या खाचाही दिसतील. ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तिच्या लेखी जगात एकच माणूस बरोबर असतो, आणि त्याच्यावर मी वर एवढं लिहिलं आहे. तर मामा, पत्र मिळताच या आणि थोरला भाऊ म्हणून तिला एवढंच बजावून सांगा की वाटीचा नियम गाडीला लागू नाही. तुम्ही सांगितलंत की ते खरं होतं.

ता. क. ४. तेव्हा मलाही समोर बसवून बजावा. नुसतं ओलं फडकं फिरवलं तर भाऊंना कळेल का, असा विचार मी सकाळपासून करते आहे.